सोसायटीच्या गेटजवळची जाळी थेट खाडीत उघडते

मे महिना लागला की वर्तमानपत्रांत नालेसफाईच्या बातम्या सुरू होतात. नाल्यात उतरलेला पोकलेन, काठावर रचलेला काळा गाळ, त्यातून डोकावणाऱ्या पिशव्या आणि इतके टक्के काम झाल्याचे दावे. जूनमध्ये पहिला जोराचा पाऊस येतो, कुठल्या तरी सेक्टरमध्ये गुडघाभर पाणी साचते आणि सफाई झाली की नुसती बिले निघाली, यावर वाद रंगतो. वाद रास्तच आहे. पण त्यात एक प्रश्न मागे राहतो. दरवर्षी काढूनही नाल्यात एवढा गाळ आणि एवढी घाण येते कुठून?

मी नेरूळला राहते. आमच्या सोसायटीच्या कमिटीत मी बरीच वर्षे आहे. गटारात गेलेले पाणी पुढे कुठेतरी शुद्ध होतच असणार, असे मलाही वाटायचे. निम्मे पाणी होते. उरलेले निम्मे आपल्या डोळ्यांसमोर खाडीत जाते आणि त्याच्यावर कसलीही प्रक्रिया होत नाही. हा फरक नीट कळला की घरात आणि सोसायटीत काय करायचे, हे कुणी वेगळे सांगावे लागत नाही.

## पाण्याच्या दोन वाटा

संडास, न्हाणीघर आणि स्वयंपाकघराच्या सिंकचे पाणी ड्रेनेजच्या चेंबरमध्ये उतरते. तिथून ते मलवाहिनीने मलशुद्धीकरण केंद्रात जाते, त्यातली घाण जिवाणूंकडून खाऊन संपवली जाते, आणि मगच ते पुढे सोडले जाते.

गच्चीवर, आवारात आणि रस्त्यावर पडलेल्या पावसाच्या पाण्याची वाट वेगळी. गच्चीवरून खाली येणारे पाइप, भिंतीकडेची उघडी चर, गेटजवळची लोखंडी जाळी, रस्त्याकडेचे झाकलेले गटार, नाला आणि शेवटी खाडी. कागदोपत्री हिला पर्जन्यजलवाहिनी म्हणतात. आपण पावसाळी गटार म्हणू. या वाटेवर शुद्धीकरण केंद्र नाही आणि गाळणीही नाही. फार तर जाळीत अडकेल तो कचरा अडकतो. विरघळलेले, तरंगणारे किंवा बारीक असलेले सगळे पुढे जाते.

पावसाचे पाणीही शुद्ध करूनच का सोडत नाहीत? एक हिशोब करून पाहू. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला तर एक लीटर पाणी जमते. सोसायटीचा प्लॉट २,००० चौरस मीटर धरा. दिवसभरात १०० मिलिमीटर पाऊस झाला, जो आपल्याकडे जुलैमध्ये नवलाचा नाही, तर २ लाख लीटर पाणी होते. म्हणजे दहा हजार लीटरचे २० टँकर. हे एका सोसायटीचे, एका दिवसाचे. अख्ख्या शहराचे पाणी चार-सहा तासांत शुद्ध करायचे तर केंद्र केवढे लागेल, आणि ते आठ महिने रिकामे पडून राहील. म्हणून बहुतेक शहरांत पावसाचे पाणी जसेच्या तसे सोडतात. ते मुळात स्वच्छ असते, हे त्यामागचे गृहीतक. आभाळातून पडताना ते खरेही असते. जमिनीला लागल्यानंतर काय होते, ते आपल्या हातात आहे.

## नवी मुंबईतले पाणी वाट कशी पाहते

आपल्या शहरात आणखी एक टप्पा आहे आणि तो बहुतेकांना ठाऊक नसतो. नवी मुंबईचा बराच भाग खाडीकाठच्या सखल जमिनीवर भराव टाकून उभा राहिला आहे. मोठ्या भरतीला खाडीची पातळी काही ठिकाणी गटारांच्या तोंडापेक्षा वर जाते. अशा वेळी जोराचा पाऊस आला तर पाणी बाहेर पडणार कसे? उलट खाडीच आत यायची. म्हणून सिडकोने शहर वसवताना डच पद्धतीचे धारण तलाव बांधले. लोक त्यांना होल्डिंग पाँड म्हणतात. नाल्यांचे पाणी आधी या तलावांत येते. तलाव आणि खाडी यांच्यामध्ये झडपा असतात, हातपंपातल्या झडपेसारख्या एकाच दिशेने उघडणाऱ्या. भरतीचे पाणी बाहेरून दाबले की त्या मिटतात. ओहोटीला आतली पातळी वर आली की उघडतात आणि साठलेले पाणी खाडीत निघून जाते. नेरूळच्या ज्या ‘ज्वेल ऑफ नवी मुंबई’ला आपण सकाळी फेऱ्या मारतो, तोही असाच एक धारण तलाव आहे.

म्हणजे धारण तलाव हे पाण्याचे प्रतीक्षालय. भरती आहे तोवर बसायचे, ओहोटी लागली की निघायचे. आता त्या प्रतीक्षालयातले निम्मे बाक कुणीतरी सामानाने अडवले तर? गाळाने नेमके तेच होते. आवारातून झाडून जाळीत लोटलेली माती, बांधकामाची रेती, टाइल कापतानाची भुकटी, सिमेंटचे पाणी हे सगळे वाहत्या नाल्यात तरंगत येते आणि तलावाच्या संथ पाण्यात तळाला बसते. जितका गाळ, तितकी पाण्याला जागा कमी. गाळ काढणेही सोपे राहिलेले नाही. अनेक तलावांत आता खारफुटी वाढली आहे आणि उच्च न्यायालयाच्या परवानगीशिवाय तिला हात लावता येत नाही. खारफुटी जपायलाच हवी, त्यात दुमत नाही. पण मग गाळ आत जाऊ न देणे, एवढाच स्वस्त आणि सोपा उपाय उरतो. आपण जाळीत लोटलेले एक सूप माती दरवर्षी आपल्याच तळमजल्यावर पाणी भरण्याची तयारी करत असते.

ठाण्याचा भूगोल वेगळा. तिथे येऊरच्या डोंगरावरून आलेले नाले वस्तीतून धावत खाडीकडे जातात आणि शहरात तलाव आहेत. तलावाला खाडीसारखी भरती-ओहोटी नाही. वाहून आलेली घाण तिथेच मुरते. बाकीचे सगळे गणित दोन्ही शहरांत तेच.

## तांदळाचे पहिले पाणी

तांदूळ धुताना पहिले पाणी दुधासारखे गढूळ येते, दुसरे फिके आणि तिसरे जवळजवळ स्वच्छ. शहरही असेच धुतले जाते. ऑक्टोबरपासून मेपर्यंत रस्त्यांवर, गच्च्यांवर आणि पार्किंगमध्ये जे साचते, ते जूनच्या पहिल्या दोन-चार सरींत एकदम वाहून निघते. गाड्यांखाली ठिबकलेले तेल, झिजलेल्या टायरची भुकटी, ब्रेकमधून उडालेले धातूचे बारीक कण, गच्चीवरची कबुतरांची विष्ठा, कुत्र्यांची घाण, गुटख्याच्या पुड्या, कुजलेला पाला. प्रदूषणाचा सगळ्यात कडक अर्क या पहिल्या लोंढ्यात असतो.

म्हणूनच सफाईचा खरा मोसम मे महिना आहे. सोसायटीने मेच्या शेवटच्या आठवड्यात गच्ची आणि पार्किंग झाडून काढावे. धुवू नये, झाडावे, कारण धुतले की घाण आजच जाळीत गेली, मग आपण काय मिळवले? झाडलेली धूळ पोत्यात भरून कचऱ्यात द्यावी. तेलाचे डाग असतील तिथे रेती किंवा लाकडाचा भुसा टाकून तो शोषू द्यावा आणि मग उचलावा. आमच्याकडे पहिल्या वर्षी नुसत्या गच्चीवरून आणि पार्किंगमधून सात पोती निघाली. मी ती मोजली, कारण तोवर माझाही विश्वास नव्हता.

## खाडीत पोचल्यावर काय बिघडते

घरी फिश टँक असलेल्यांना हे पटकन समजेल. माशांना खाणे जास्त पडले की दुसऱ्या दिवशी पाणी धूसर होते आणि मासे वर येऊन तोंड उघडू लागतात. उरलेल्या खाण्यावर जिवाणू तुटून पडतात, भराभर वाढतात आणि पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन वापरून टाकतात. माशांना श्वास पुरत नाही. डाळ-तांदळाचे पाणी, साबणाचा फेस, पाला आणि निर्माल्य यांत विष असे काही नाही. पण जिवाणूंसाठी ते पंगतीचे ताट आहे. पंगत मोठी बसली की ऑक्सिजन संपतो.

तेलाचे वेगळे. ते विरघळत नाही, पाण्यावर पसरते आणि तवंग फार पातळ असल्यामुळे थोडेसे तेल मोठी जागा व्यापते. हवेतला ऑक्सिजन पाण्यात उतरायला अडथळा होतो. खारफुटीची मुळे चिखलातून वर नाक काढून हवा घेतात, त्या नाकांवर तेलाचा थर बसला की झाडाचाच श्वास कोंडतो. फॉस्फरस असलेली धुण्याची पावडर आणि बागेतली खते शेवाळ माजवतात. काळ्या फिनाइलपासून झुरळाच्या औषधापर्यंत सगळे जीव मारण्यासाठीच बनवलेले असते. जाळीखाली गेल्यावर ते झुरळ कोणते आणि कोळंबीचे पिल्लू कोणते, हे पाहत नाही.

दिवाळे किंवा वाशी गावातल्या जुन्या कोळ्यांशी बोला. बोईट, निवटी, चिंबोरी कुठे आणि किती मिळायची हे ते बोट दाखवून सांगतात. याच खाडीचा काही भाग २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून जाहीर झाला आणि २०२२ मध्ये ठाणे खाडीला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा, दर्जा मिळाला. नांदूर मधमेश्वर आणि लोणारनंतर महाराष्ट्रातले हे तिसरे रामसर स्थळ.

आणि हे फक्त माशांपुरते नाही. जाळीजवळ पडलेल्या खरकट्यावर उंदीर येतात. उंदरांच्या मूत्रातले लेप्टोचे, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस या तापाचे, जंतू साचलेल्या पाण्यात मिसळतात आणि पायाच्या एखाद्या खरचटीतून शरीरात शिरतात. २६ जुलै २००५ च्या महापुरानंतर मुंबईत लेप्टोचे रुग्ण कसे वाढले, ते त्या पिढीला आठवत असेल. पावसात अनवाणी खेळणारी मुले आपलीच असतात.

## आमच्या ड्राय बाल्कनीची गोष्ट

आता घराच्या आत येऊ. सगळ्यात मोठी चूक इथे होते आणि ती दिसत नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

तीन वर्षांपूर्वी एप्रिलच्या एका दुपारी गेटजवळच्या पावसाळी चेंबरचे झाकण प्लंबरने दुसऱ्याच कामासाठी उघडले. आत पाणी वाहत होते. कोमट, निळसर, फेसाळ. पाऊस थांबून सहा महिने झाले होते. मी म्हटले, “दादा, टाकी ओव्हरफ्लो झाली का?” तो म्हणाला, “नाही ताई, हे मशीनचे पाणी आहे. वास घ्या ना.” खरेच, साबणाच्या पावडरचा ओळखीचा वास येत होता.

झाले होते असे. आमच्या इमारतीत ड्राय बाल्कनीला, म्हणजे कपडे वाळवायच्या छोट्या बाल्कनीला, एक लहान नहाणी, म्हणजे पाणी जायचे जमिनीतले भोक, ठेवलेली आहे, तिरप्या पावसाचे पाणी निघून जावे म्हणून. ती गच्चीवरून येणाऱ्या पावसाळी पाइपला जोडलेली. लोकांनी बाल्कनी बंदिस्त केली, तिथे वॉशिंग मशीन ठेवले आणि पाइप त्या नहाणीत सोडला. एका घरात तर सिंकही तिथेच बसवले होते. कुणी मुद्दाम केले नाही. नहाणी दिसली, पाणी सोडले. पण एका धुण्याला साठ-सत्तर लीटर पाणी धरा आणि चोवीस घरांतली निम्मी घरे धरा. रोजचे पाऊणशे बादल्यांवर साबणाचे पाणी केंद्राची वाट चुकून थेट नाल्यात जात होते. बारा महिने.

तुमच्याकडे हे आहे का, ते तपासायची रीत सोपी आहे. पाऊस नसलेल्या आठवड्यात सकाळी आठ-नऊच्या सुमारास, धुणी चालू असताना, गेटजवळच्या पावसाळी चेंबरचे झाकण उघडून पाहा. ते कोरडे असायला हवे. पाणी वाहत असेल तर कुठल्या तरी घराचे पाणी चुकीच्या वाटेने येत आहे. मग रंगाची चाचणी. एक बादली पाण्यात खाण्याचा लाल रंग नाहीतर गेरू कालवायचा आणि एकेका मजल्यावरून नहाणीत ओतायचा. एकाने वर ओतायचे, एकाने ड्रेनेजच्या चेंबरपाशी आणि एकाने पावसाळी चेंबरपाशी उभे राहायचे. लाल पाणी जिथे दिसेल, ती वाट. आम्ही एका रविवारी हे केले तेव्हा इमारतीतली मुले खाली जमली आणि “आला! आला!” करत ओरडू लागली. त्या दिवशी बाराशे शब्दांच्या परिपत्रकाने झाले नसते ते झाले. लोकांनी आपल्या घरचे पाणी कुठे जाते, ते डोळ्यांनी पाहिले.

दुरुस्ती म्हणजे मशीनचा पाइप न्हाणीघराच्या किंवा सिंकच्या लाइनला जोडणे. काही घरांत हे तासाभरात झाले, काहींना भिंतीतून छोटा पाइप न्यावा लागला. आमच्या पहिल्या प्लंबरने वेगळाच तोडगा सुचवला होता. तळाशी पावसाळी पाइपच ड्रेनेजच्या चेंबरला जोडून टाकू, म्हणजे प्रत्येकाच्या घरात जायला नको. हे कधीही मान्य करू नका. मग जुलैमध्ये गच्चीवरचे सगळे पाणी मलवाहिनीत शिरते, ती भरून वाहते आणि तळमजल्यावरच्या संडासातून मैला उलटा वर येतो. एका चुकीवर त्याहून मोठी चूक.

असाच आणखी एक प्रकार चालतो. आवारात पाणी साचले की कुणीतरी पहारीने ड्रेनेजचे झाकण उघडतो. परिणाम तोच, आणि वर जिवाला धोका. २०१७ च्या ऑगस्टमध्ये मुंबईत तुंबलेल्या पाण्यातून चालताना एक नामवंत डॉक्टर उघड्या मॅनहोलमध्ये वाहून गेले होते. झाकणाला हात लावायचाच नाही, पाणी कितीही साचले तरी.

## घाण पाणी ओतायचे कुठे

साबणाचे किंवा मळके पाणी आवारात ओतायचे नाही, मोरीत किंवा संडासात ओतायचे. तिथून ते शुद्धीकरण केंद्रात जाते. लादी पुसलेली बादली, कुत्र्याला आंघोळ घातलेले पाणी, पाणरंगाचे ब्रश धुतलेले पाणी, सगळ्याला हाच नियम. तेल, टर्पेंटाइन, कीटकनाशक आणि जुन्या बॅटरीतले पाणी मात्र मोरीतही नको. त्यांनी शुद्धीकरण केंद्रातले कामाचे जिवाणूच मरतात.

गाड्या धुणे हा रोजचा विषय. पहाटे गाड्या धुणारा मुलगा येतो, पाइप सुरू करतो आणि आठ वाजेपर्यंत गेटजवळची जाळी काळी झालेली असते. त्याला दोष देण्यात अर्थ नाही, आपण सांगू तसे तो करतो. आम्ही त्याला सांगितले, पाइप बंद, गाडीला एक बादली आणि दोन फडकी, साबण फक्त रविवारी, आणि बादली वॉचमनच्या मोरीत रिकामी करायची. त्याचे कष्ट कमी झाले, सोसायटीचे पाणी वाचले. पूर्ण धुलाई हवी असेल तर तेल अडवणारी टाकी असलेल्या सर्व्हिस सेंटरमध्ये गाडी न्यावी. इंजिनचे तेल घराखाली बदलून घेत असाल तर जुने तेल डब्यात भरून गॅरेजवाल्याकडेच द्या. कायद्याने ते घातक कचऱ्यात मोडते आणि त्यावर पुन्हा प्रक्रिया होते.

तळणीच्या तेलाला आता दुसरी वाट आहे. अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाने, म्हणजे एफएसएसएआयने, २०१८ मध्ये ‘रुको’ हा उपक्रम सुरू केला. वापरलेले तेल गोळा करून त्यापासून बायोडिझेल करायचे. दिवाळीत प्रत्येक घरी चकल्या-शेवेनंतर पाव लीटर तरी काळे तेल उरते. ते बाटलीत भरून सोसायटीत एका कॅनमध्ये जमा केले, तर नोंदणीकृत गोळा करणाऱ्याला बोलावता येते. तेवढे जमत नसेल तर जुन्या वर्तमानपत्रात शोषून सुक्या कचऱ्यापासून वेगळे द्या. सिंकमध्ये ओतलेले तेल पाइपातच थिजते आणि चेंबर तुंबवते.

घराचे नूतनीकरण ही सगळ्यांत दुर्लक्षित बाब. टाइल कापताना निघणारे पांढरे पाणी दिसायला निरुपद्रवी असते, पण त्यात सिमेंट आणि दगडाची पिठी असते. ती चेंबरमध्ये बसली की दगड होते आणि मग छिन्नी घ्यावी लागते. कंत्राटदाराला काम देतानाच सांगायचे, टाइल ड्रमशेजारी कापायची, पाणी ड्रममध्ये रात्रभर निवळू द्यायचे, वरचे पाणी पुन्हा वापरायचे, खालचा चोथा गोणीत भरून डेब्रिजबरोबर द्यायचा. आमच्या सोसायटीत कामाच्या परवानगीच्या अर्जावर आता ही ओळ छापलेली असते. आणि रेतीचा ढीग रस्त्यावर असेल तर त्यावर ताडपत्री. जूनमध्ये उघडा ढीग एका रात्रीत अर्धा होतो. उरलेला अर्धा कुठे गेला, हे आता तुम्हाला माहीत आहे.

कुत्रा असेल तर फिरायला जाताना जुना कागद न्यावा आणि विष्ठा संडासात टाकावी. कुंड्यांना खत पावसाच्या तोंडावर घालू नये. ते झाडाला मिळत नाही, नाल्याला मिळते. आवार फिनाइलने धुण्याची सवय सोडावी, खराट्याने काम भागते. गणपतीला कृत्रिम तलाव आणि निर्माल्य कलश आहेत, ते वापरावेत.

## थोडी माती उघडी ठेवा

आतापर्यंत घाण कमी करण्याबद्दल लिहिले. दुसरा उपाय म्हणजे पाणीच कमी वाहू देणे. मातीत मुरलेले पाणी नाल्यात जात नाही आणि मुरताना माती त्यातली बरीच घाण धरून ठेवते. पण गेल्या पंधरा-वीस वर्षांत सोसायट्यांनी आवार कडेपासून कडेपर्यंत पेव्हर ब्लॉकने मढवले. चिखल नको, पार्किंग वाढावे, हा हेतू समजण्यासारखा आहे. पण झाडाच्या बुंध्यालाही सिमेंटचा गळफास बसला आहे. तो फोडून चार हात माती मोकळी केली तरी झाड वाचते आणि पाणीही मुरते. कुंपणाच्या आतल्या कडेने दोन फुटांचा मातीचा पट्टा सोडून त्यात कर्दळ, अळू, गवती चहा लावला आणि आवाराचा उतार त्या पट्ट्याकडे दिला, तर पाणी जाळीपर्यंत पोचण्याआधी गाळले जाते. आमच्या आजोळी परसात मोरीच्या पाण्यावर अळू आणि केळी असायच्या. तीच ही युक्ती.

शोषखड्डा किंवा बोअर भरण्याच्या योजना मात्र विचारून करा. खाडीलगतच्या भरावाच्या जमिनीत पावसाळ्यात भूजल अगदी वर असते आणि अनेकदा खारट. तिथे खड्डा लगेच भरून वाहतो. अशा ठिकाणी गच्चीवरचे पाणी टाकीत साठवून फ्लश आणि बागेला वापरणे शहाणपणाचे. पारसिक डोंगराच्या बाजूला किंवा ठाण्यात येऊरच्या पायथ्याशी मुरवणे जमू शकते. दोन्हीकडे पहिल्या एक-दोन सरींचे पाणी साठवायचे नाही. ते तांदळाचे पहिले पाणी.

## “कारखाने सोडून आमच्या मागे का?”

सोसायटीच्या बैठकीत हा प्रश्न पहिला येतो. ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या उद्योगांकडे बोट जाते. ते बोट मागे घ्यावे असे मी म्हणणार नाही. १९७४ पासून जलप्रदूषणाचा कायदा आहे, प्रदूषण नियंत्रण मंडळ आहे, आणि कुणी रात्री रसायन सोडत असेल तर त्याची तक्रार झालीच पाहिजे. पण कारखान्याचा पाइप एका जागी असतो. तिथे नमुना घेता येतो, दंड करता येतो. आपल्या घाणीला एकच पाइप नाही. ती हजारो जाळ्यांतून थोडी थोडी जाते, म्हणून तिला पकडणारा इन्स्पेक्टर नाही. ती फक्त जिथे तयार होते तिथेच अडवता येते.

दुसरा प्रश्न जास्त अवघड. घाण आहे म्हणूनच तर फ्लेमिंगो येतात, खाडी स्वच्छ झाली तर ते जातील. यात अर्धे तथ्य आहे. खाडीत येणाऱ्या फ्लेमिंगोंच्या दोन जाती, लहान आणि मोठा. लहान फ्लेमिंगोचे खाणे म्हणजे सूक्ष्म शेवाळ, आणि सांडपाण्यातल्या पोषकद्रव्यांवर ते फोफावते. पण त्याच पाण्याबरोबर येणारे तेल, कीटकनाशक, जड धातू आणि प्लास्टिकचे कण यांचा पक्ष्याला काही उपयोग नाही. आणि पोषकद्रव्ये वाढतच गेली तर ऑक्सिजन संपतो आणि चिखलातले जीव मरतात. मोठे फ्लेमिंगो आणि हिवाळ्यात येणारे तुतारी-चिखले हे पक्षी यांचे पोट त्याच जिवांवर भरते. एका पक्ष्याची गर्दी पाहून खाडीची तब्येत ठरवू नये.

“मालमत्ता कर भरतो, सफाई पालिकेने करावी.” अगदी बरोबर, आणि नाल्यातला गाळ वेळेवर निघाला नाही तर आपण जाब विचारलाच पाहिजे. फक्त पालिकेचे काम आपल्या गेटबाहेर सुरू होते. गेटच्या आतल्या गच्च्या, पाइप, चरी आणि नहाण्या सोसायटीच्या मालकीच्या आहेत. तिथे पालिकेचा माणूस येणार नाही, आणि वॉशिंग मशीनचा पाइप तर सोसायटीच्या सेक्रेटरीलाही दिसत नाही.

आमच्याकडे हे सगळे एका वर्षात झाले नाही. दोन घरांनी भिंत फोडायला नकार दिला. एका काकांनी सांगितले की तीस वर्षे असेच चालले आहे. दुसऱ्या वर्षी त्यांच्या नातवाने रंगाची बादली स्वतः धरली आणि काकांनी प्लंबरला बोलावले. यंदा मेच्या एका सकाळी, साडेआठ वाजता, आम्ही ते गेटजवळचे झाकण पुन्हा उघडले. तळाला सुकलेली पाने होती, थोडी भुरकट माती होती आणि डाव्या बाजूच्या पाइपातून बोटाएवढी बारीक, फेसाळ धार येत होती. अजून एक घर उरले आहे. ए विंगच्या दुसऱ्या नाहीतर चौथ्या मजल्यावरचे. गेरूचे पाकीट आणून ठेवले आहे, रविवारी ओतू.